पाणी येतं त्या दिवशी

धुळ्यात घराची सफाई कधी करायची हे नळ ठरवतो. पांझरेपलीकडच्या देवपुरातली ही गल्ली. आज पाण्याची पाळी आहे एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण किती वाजता ते कोणी छातीठोकपणे सांगत नाही. संध्याकाळी सात म्हणावं तर रात्रीचे साडेदहा होतात, कधी पहाट उजाडते. तरी दुपारी चारपासून दारादारांतून बादल्या बाहेर यायला लागतात, कारण नवं पाणी यायच्या आधी जुनं संपवायचं असतं.

ज्या घराच्या ओट्यावर मी बसले होते, तिथल्या ताई शिवणकाम करतात. त्यांचे यजमान गॅरेजात कामाला आहेत, दोन मुलं शाळेत जातात, आणि घरात सासूबाई आहेत, ज्यांना सगळी गल्ली जिजी म्हणते. मोरीत दोनशे लिटरचे दोन निळे ड्रम, स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याचे हंडे-कळशा, गच्चीवर काळी टाकी. मागच्या पाळीचं पाणी ड्रमांच्या तळाशी हातभर उरलेलं. ताईंनी एका ड्रममधलं पाणी बादल्यांत काढलं. त्यात आधी संडास आणि मोरी घासून निघाली, मग ओटा, मग अंगणातली शहाबादी फरशी. रिकामा ड्रम आडवा पाडून, आत खांद्यापर्यंत हात घालून काथ्याने घासला. दुसऱ्या ड्रमला मात्र कोणी हात लावला नाही. नळाचा आवाज कानावर येईपर्यंत तो रिकामा करायचा नाही, हा त्या घरातला कायदा आहे. कधी जलवाहिनी फुटते, कधी पंपाची वीज जाते आणि पाळी दुसऱ्या दिवसावर जाते. राखीव ड्रमवर दोन दिवस निघतात, असा जिजींचा हिशेब.

पावणेनऊला कोपऱ्यावरून हाक आली, ‘पानी उनं!’ पुढचा दीड तास घरात कोणी कोणाशी बोललं नाही. यजमानांनी मोटर लावली, मोठ्या मुलाने गच्चीवरून टाकीवर लक्ष ठेवलं. पहिली पाच मिनिटं गढूळ पाणी येतं, ते धाकटीने बादल्यांत धरलं. ते फेकायचं नाही, त्यात पायपुसणी आणि पोछे भिजत पडतात. मग पिण्याचे हंडे, मग ड्रम, मग टाकी. पाणी चालू असतानाच जाड कपडे धुवायला काढायचे. कपड्यांच्या शेवटच्या खळबळीचं पाणी बादलीत उतरतं, त्याने फरशी पुसली जाते, आणि फरशीचं काळं पाणी संडासात जातं. एकाच बादलीला तीन कामं. शेजारच्या घरी पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे. त्याच्या नळीतून वाया जाणारं पाणीही असंच पिंपात साठतं. त्यात क्षार फार, त्यामुळे गडद रंगाच्या फरशीवर पांढरे पट्टे उठतात, पण मोरीला ते चालतं.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘घर चालतं कसं’ हा विषय दिला तेव्हा मी सफाईचं काम निवडलं. ते रोज होतं आणि रोज पुसलं जातं, म्हणून त्याची नोंद कुठे राहत नाही. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि फोनवर त्याची वेळापत्रकं मात्र ढिगाने मिळतात: सोमवारी न्हाणीघर, मंगळवारी स्वयंपाकघर, बुधवारी कपाटं. देवपुरातल्या या घरात पाण्याची पाळी या आठवड्यात सोमवारी असेल, पुढच्या आठवड्यात मंगळवारी, आणि कडक उन्हाळ्यात मधले आठ दिवसही कोरडे जातील. शहराने नकाणे आणि डेडरगाव तलावांवर, तापीच्या पाण्यावर भागवलं, अक्कलपाडा धरणातून पाणी आणायच्या योजनेची वर्षानुवर्षे वाट पाहिली. इतक्या वर्षांत बायकांनी आपलं वेळापत्रक वाराऐवजी पाळीला बांधून घेतलं. पाळीची दुपार घासायची, पाळीची रात्र धुवायची, पाळीचा दुसरा दिवस ऊन असेल तर वाळवायचा, आणि मधले सगळे दिवस फक्त झाडू. ताईंना कोणी हे शिकवलं नाही. खानदेशात टिकणारं सफाईचं वेळापत्रक पाणी, धूळ, ऊन आणि घरातले हात या चार गोष्टींचा अंदाज घेऊन बांधावं लागतं, असं मला जळगाव आणि धुळ्यातली घरं पाहताना वाटत गेलं. बाहेरून आणलेलं वेळापत्रक इथे पंधरा दिवस चालतं आणि मग मागे उरते ती केवळ अपराधी भावना.

बाहेरची माती आत

जळगावच्या बाईला धुळीबद्दल विचारलं तर ती आधी श्वास सोडते. तापी-गिरणेच्या खोऱ्यातली काळी माती कापसाला आणि केळीला मानवते. घराला ती जड जाते. पावसाळ्यात चिकट गोळे होऊन चपलांना आणि टायरांना चिकटून दारापर्यंत येते. उन्हाळ्यात भेगाळते, भुरभुरीत होते, आणि पश्चिमेच्या वाऱ्यावर खिडकीच्या फटीतून आत शिरते. शहरात त्यावर रस्त्यांची भर. अमृत योजनेत पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांसाठी जळगावचे रस्ते शहरभर खोदले गेले, तेव्हाची धूळ आजही गृहिणींच्या बोलण्यात येते. दाराला लावलेली ओली पोती, दिवसातून तीनदा पुसलेला टीव्ही, आणि तरीही संध्याकाळी टीपॉयवर बोटाने नाव लिहिता येईल असा थर.

घराच्या कामधंद्याप्रमाणे धूळही बदलते. एमआयडीसीत डाळमिलजवळ राहणाऱ्यांकडे डाळीच्या टरफलांचा बारीक भुगा येतो. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या आसपासच्या गावांत राखेची तक्रार जुनी आहे. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळच्या घरांत पांढरे तंतू पंख्याच्या पात्यांना आणि खिडकीच्या जाळीला लोंबतात. ते झाडून जात नाहीत, उलट उडतात, ओल्या फडक्यानेच टिपावे लागतात. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात प्रश्न वेगळाच. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावर पडला की तपकिरी होतो आणि कोणत्याही साबणाने जात नाही. म्हणून घड कापायला जाणाऱ्या माणसांचे कपडे वेगळे असतात, त्यांची खुंटी बाहेर ओसरीत असते आणि ते घरातल्या कपड्यांबरोबर कधी भिजवत नाहीत.

ही बाहेरची खुंटी मला फार मोलाची वाटली. आसोदा-भादली भागातल्या जुन्या घरांत दाराशी पाय धुवायचा दगड आणि पाण्याचं भांडं असायचं. शेतातून आलेला माणूस पाय धुतल्याशिवाय ओसरीच्या आत येत नसे. त्यात सोवळ्या-विटाळाच्या कल्पना मिसळलेल्या होत्या हे खरं, आणि त्या गेल्या ते बरं झालं. पण त्याबरोबर पाय धुवायची जागाही गेली. नव्या वसाहतींतल्या घरांना ओसरी नाही, फाटकातून थेट हॉल. दारात एक पायपुसणं, तेही शोभेचं. मग बाहेरची माती घरभर पसरते आणि ती गोळा करायला एक बाई अर्धा तास वाकते. पिंप्राळ्यातल्या एका घरी दाराबाहेर चपलांचं उघडं कपाट, दोन जाड काथ्याची पायपुसणी आणि भिंतीत एक छोटा नळ बसवला आहे. त्या घरातल्या वहिनी सांगत होत्या की मुलांना शाळेतून आल्यावर पाय धुवायची सवय लागली, तेव्हापासून रोज फरशी पुसणं एक दिवसाआड झालं.

झाडण्याचीही वेळ असते. पंखा चालू ठेवून झाडलं तर धूळ जागा बदलते आणि तासाभराने पुन्हा बसते. सकाळी वारा पडलेला असताना, पंखा बंद करून, आधी वरचं आणि मग खालचं, हा जुना क्रम बरोबरच आहे. फुलझाडू बारीक धूळ गोळा करतो, अंगणातल्या ओल्या पानांना खराटा लागतो. मातंग समाजातली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या शिंदीच्या पानांच्या केरसुण्या वळत आली. जळगावच्या बाजारात दिवाळीच्या आधी त्या अजून दिसतात, कारण लक्ष्मीपूजनाला केरसुणी पुजायची असते. पूजेला केरसुणी आणि रोजच्या कामाला प्लॅस्टिकच्या मुठीचा झाडू, अशी वाटणी आता घराघरांत झाली आहे.

मे महिन्यातलं घर

मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत दुपारी अकरा ते पाच घरात कोणतंही अंगमेहनतीचं काम होऊ शकत नाही, आणि ते करूही नये. सफाई पहाटे पाच ते साडेसातमध्ये उरकते. जे त्यात बसत नाही ते राहू द्यायचं, हे इथल्या म्हाताऱ्या बायका बिनदिक्कत सांगतात. पण याच महिन्यात उन्हाळी कामांचा ढीग असतो. पापड, कुरडया, बिबडे गच्चीवर वाळत असतात, वर्षाचे गहू आणि दादर ज्वारी कोठीत भरायची असते. धान्य भरण्याआधी कोठी रिकामी करून, उन्हात तापवून, कोपऱ्यातला जुना भुसा आणि किडे काढावे लागतात. म्हणजे घराचा एक कोपरा त्या निमित्ताने वर्षातून एकदा मुळापासून साफ होतो. महिन्याचं वाणसामान दुकानातून आणणाऱ्या घरात हे निमित्त उरलं नाही, आणि स्वयंपाकघरातली खालची फडताळं पाच-पाच वर्षं उघडली जात नाहीत.

उन्हाळ्यातलं सगळ्यात दुर्लक्षित काम कूलरचं. खानदेशात कूलर नाही असं घर विरळा. पत्र्याच्या घरातही खिडकीला लोखंडी कूलर टांगलेला असतो. त्याच्या टाकीत रोज पाणी भरतात, पण टाकी रिकामी कधी केली असं विचारलं की बहुतेक घरांतून उत्तर येतं, हंगाम संपल्यावर. इथे एक साधं गणित आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी केली तर ही साखळी तुटते, म्हणूनच आरोग्य विभाग आठवड्यातला एक कोरडा दिवस पाळायला सांगतो. मात्र नुसतं पाणी ओतून दिल्याने काम पूर्ण होत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरलं की ती उबतात. म्हणून टाकी आतून घासावीच लागते.

देवपुरातल्या ताई ड्रममध्ये हात घालून काथ्याने जे करत होत्या, ते नेमकं हेच होतं. पाळी सात-आठ दिवसांनी येत असल्यामुळे त्यांच्या ड्रमांचा कोरडा दिवस आपोआप पाळला जातो. ज्या वस्तीत पाणी दिवसाआड येतं आणि ड्रममध्ये वरचेवर भर पडत राहते, तिथे तळाचं पाणी महिनाभर हलत नाही. पाण्याची चंगळ असलेल्या घरातच डासांची पैदास जास्त होऊ शकते, हे ऐकून पहिल्यांदा विश्वास बसत नाही. झाकण घट्ट असणं आणि आठवड्याला घासणं, या दोन गोष्टी फरशी चकाचक असण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाच्या आहेत. वेळ एकाच कामाला असेल तर फरशी सोडा आणि ड्रम घासा, असं मी कोणालाही सांगेन.

रोट, घट आणि कापूस

खानदेशात मोठी सफाई एकट्या दिवाळीला होत नसे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात. त्याआधी घर झाडून-सारवून होतं. धाब्याच्या घरांत पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी खारी माती घालायची, कारण वरून माती झिरपली तर खाली कितीही झाडलं तरी उपयोग नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी सगळी भावकी एकत्र येते, म्हणून त्याआधी भिंतींना रंग, पितळेची भांडी चिंचेने घासलेली, अंथरूण-पांघरूण धुतलेलं, दळणाची जागा स्वच्छ. मग पितृपक्ष संपता संपता नवरात्राच्या घटाची सफाई.

या सगळ्यांत घटाआधीची सफाई मला सर्वांत शहाणी वाटते. सप्टेंबरअखेर नद्यांना आणि विहिरींना पाणी असतं. पावसाची ओल भिंतींत शिरलेली असते आणि ती काढायला ऑक्टोबरचं कडक ऊन येऊन ठेपलेलं असतं. गोधड्या धुवायच्या तर याच दिवसांत. ओली गोधडी दोन बायकांना मिळून पिळावी लागते आणि ती एका दिवसात वाळली नाही तर कुबट वास धरते. गिरणेच्या आणि तापीच्या काठच्या गावांत या दिवसांत खडकांवर गोधड्या पसरलेल्या दिसतात. शिवाय कापसाची वेचणी अजून पुरत्या जोरात आलेली नसते, म्हणजे बायकांच्या हाताला थोडी उसंत असते.

दिवाळीपर्यंत हे सगळं बदलतं. कापूस फुटलेला असतो, वेचणीची मजुरी किलोवर मिळते, आणि एक दिवस घरी राहणं म्हणजे त्या दिवसाचे पैसे गेले. हरभरा, गहू आणि दादरच्या पेरणीची घाई असते. धरणगाव-चोपडा भागातल्या शेतमजूर बायांना दिवाळीच्या सफाईबद्दल विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की घटाला झालं ते झालं, दिवाळीला अंगण, दार आणि चूल. एवढं पुरतं. शहरात मात्र वर्षभराची सगळी सफाई दिवाळीच्या आधीच्या चार दिवसांत कोंबली गेली. ऑक्टोबर उजाडला की रंगाच्या, फिनाइलच्या, व्हॅक्यूम क्लीनरच्या जाहिराती सुरू होतात. माळे काढले जातात, पडदे भिजतात, आणि धनत्रयोदशीला घरातली बाई कंबर धरून बसते. फराळही तिनेच करायचा असतो. शेतीच्या घराने सफाई वर्षभर चार ठिकाणी पाणी, ऊन आणि कामाचा रेटा बघून वाटली होती. ती वाटणी सण म्हणून पाळली गेली, पण तिच्यामागचं कारण हाताचं होतं, आणि ते कारण शहरातल्या घरालाही लागू आहे.

हात कोणाचे

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात देशातल्या सहा वर्षांवरील 81.2 टक्के स्त्रियांनी दिवसभरात घरातलं बिनपगारी काम केल्याचं आढळलं. पुरुषांचं प्रमाण 26.1 टक्के होतं. हे काम करणाऱ्या स्त्रीची त्यात रोज सरासरी 299 मिनिटं जात होती, पुरुषाची 97. पुढचं सर्वेक्षण 2024 चं. त्यात स्त्रियांची 299 ची 289 झाली. पाच वर्षांत दहा मिनिटं. एवढ्या काळात गॅस पुष्कळ घरांत पोचला, चुलीची काजळी कमी झाली, वॉशिंग मशीन हप्त्यावर आलं.

यंत्राने वेळ वाचतो हा समज जगभर तपासला गेला आहे. अमेरिकेत जोअन वानेक या संशोधिकेने 1974 मध्ये जुनी-नवी सर्वेक्षणं ताडून पाहिली. नोकरी न करणाऱ्या गृहिणी 1920 च्या दशकात आठवड्याला सुमारे 52 तास घरकाम करत होत्या आणि 1960 च्या दशकात, घरात वीज आणि यंत्रं आल्यावर, सुमारे 55. रूथ श्वार्ट्झ कोवन यांच्या 1983 च्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकाने त्याचं कारण उलगडलं. यंत्र आलं तेव्हा पूर्वी लाकडं फोडणारे, पाणी आणणारे, सतरंज्या झटकणारे पुरुष, मुलं आणि नोकर त्या कामातून सुटले, आणि स्वच्छतेची अपेक्षा वाढली. आठवड्याला बदलायचा सदरा रोज बदलू लागला. जळगावच्या फ्लॅटमध्ये हे डोळ्यांसमोर दिसतं. मशीन आहे म्हणून चादर आठवड्याला धुतली जाते, पण ती काढणारे, वाळत घालणारे आणि घडी करणारे हात त्याच एका बाईचे.

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी 1924 ते 1930 शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलं शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडायचे, त्यांचे कपडे धुवायचे, हे त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आठवणींत आहे. ते सांगताना आपण गुरुजींच्या मायेवर थांबतो. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. एक पदवीधर मास्तर भर दिवसा हातात झाडू घेतो आणि ते पाहून मुलं दुसऱ्या दिवशी आपली खोली आपण झाडू लागतात. शंभर वर्षं होत आली या गोष्टीला. खानदेशातल्या घराघरांत गुरुजींचा फोटो आहे, आणि त्या घरांतल्या मुलग्यांना केर भरता येत नाही. याचं मला वाईट वाटतं.

आणि ज्या हातांना आपण पगार देतो त्यांचंही बोलायला हवं. जळगावात महाबळ, रामानंदनगर या भागांत सकाळी सातपासून कामाच्या ताई सायकलवर आणि पायी येतात. एकेक बाई पाच-सहा घरं करते. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली झाला, तरी सुट्टी किती, आजारपणात पगार मिळणार का, ॲसिडने हात भाजला तर औषधाचे पैसे कोणाचे, हे अजून घराघराच्या मर्जीवर चालतं. एका ताईंना विचारलं की तुमच्या घरची फरशी कधी पुसता. रात्री साडेनऊला, त्या म्हणाल्या, नळ आला असला तर. पाच घरांत दिवाळीची सफाई करून त्या घरी जातात तेव्हा त्यांच्या घरच्या माळ्याला कोणाचाच हात लागलेला नसतो. दिवाळीच्या आठवड्यात जादा कामाचे जादा पैसे आधी बोलून ठरवावेत आणि द्यावेत. बोनस म्हणून जुनी साडी देऊन भागवू नये.

फ्रिजवरचा कागद

जळगावातल्या एका माध्यमिक शिक्षिकेच्या फ्रिजवर मी एक कागद पाहिला. नवरा-बायको दोघं नोकरी करतात, नववीतला मुलगा, सहावीतली मुलगी, आणि वर्षातले सहा महिने राहायला येणारे सासरे, ज्यांना घरात सगळे आप्पा म्हणतात. पहिला कागद त्यांनी फोनवरून उतरवला होता. रोज चाळीस मिनिटं, प्रत्येक वाराला एक खोली. परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे घरी आले आणि तो मोडला. दुसरा कागद त्यांनी उलट्या बाजूने लिहायला घेतला. आधी लिहिलं, काय करायचं नाही. शोकेसमधल्या वस्तू रोज पुसायच्या नाहीत. त्यातल्या निम्म्या भाचीला दिल्या, उरलेल्या काचेआड गेल्या. पडदे वर्षातून दोनदाच. मुलांच्या खोलीत आई पाऊल टाकणार नाही, फक्त उष्टी ताटली आणि ओला टॉवेल तिथे राहणार नाही, एवढा एकच नियम. पाहुणे येणार म्हणून घर आवरायचं नाही.

रोजचं काम त्यांनी तीन गोष्टींवर आणलं. रात्री ओटा आणि सिंक कोरडं करून झोपायचं, म्हणजे झुरळांना पाणी मिळत नाही. सकाळी केर, तोही फक्त स्वयंपाकघर आणि हॉलमध्ये. ओला-सुका कचरा वेगळा करून घंटागाडीच्या वेळेला दाराशी, आणि हे काम मुलाचं. बाकी सगळं पाण्याच्या दिवसावर ढकललं. वाघूर धरणाचं पाणी त्यांच्या भागात येतं त्या दिवशी न्हाणीघर, कूलर आणि चादरी, आणि त्या दिवशी संध्याकाळी शिकवणी ठेवायची नाही.

न्हाणीघराबद्दल त्यांचं एक निरीक्षण पटण्यासारखं आहे. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. पाणी फरशीवर वाळलं की क्षार मागे राहतो आणि पांढरा थर धरतो. तो काढायला त्या दर महिन्याला ॲसिड वापरायच्या. त्याने थर जातो, पण टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंटही खाल्लं जातं, आणि मग त्या भेगांत घाण जास्त बसते. आता शेवटी अंघोळ करणारा माणूस वायपर फिरवून पाणी काढतो. पाणी वाळायला उरलंच नाही तर थर कुठून येणार. नळावर उरलेला डाग लिंबाच्या सालीने निघतो. ॲसिडची बाटली त्यांनी घरातून काढून टाकली, त्याला आणखी एक कारण आहे. मोरी निर्जंतुक करायला ब्लिचिंग पावडर टाकली आणि त्यावर ॲसिड पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. कामाच्या ताईंच्या हातात या दोन्ही वस्तू एकाच वेळी कधीही देऊ नयेत.

वाटणीवर मात्र त्यांच्या घरात भांडण झालं. यजमान म्हणायचे, मी मदत करतो ना. बाईंनी ‘मदत’ बंद केली आणि पाण्याची रात्र पूर्णपणे त्यांच्याकडे दिली. मोटर, टाकी, ड्रम घासणं, वॉशिंग मशीन, सगळं. आठवण करून द्यायची नाही. पहिल्या पाळीला टाकी भरून वाहिली आणि ड्रम तसेच राहिले. तिसऱ्या पाळीपासून जमलं. आप्पांनी स्वतःहून भाजी निवडणं आणि देवघराचं पितळ आपल्याकडे घेतलं. पंच्याहत्तरीत पहिल्यांदा चिंच घेऊन तांब्या घासताना त्यांना अवघड वाटलं, आता त्यांना त्याची सवय झाली आहे. मुलगी झाडते, मुलगा पुसतो. कोणाचं काम हलकं यावर दर रविवारी वाद होतो आणि महिन्याला अदलाबदल होते.

कागदावर खाली एक रिकामी जागा आहे. एखाद्या आठवड्यात आजारपण, लग्न किंवा परीक्षा आली तर तिथे एकच शब्द लिहायचा, ‘माफ’. त्या आठवड्यात रोजचं काम आणि पिण्याचं पाणी यापलीकडे काही करायचं नाही, आणि मागचा बॅकलॉग पुढच्या आठवड्यावर टाकायचा नाही. राहिलेली चादर पुढच्या पाळीला धुतली जाईल. वेळापत्रक मोडतं ते बहुतेक वेळा या थकबाकीमुळेच. एक आठवडा चुकला की दुसऱ्या आठवड्याला दुप्पट काम दिसतं, आणि मग माणूस कागदाकडे पाहायचंच सोडतो.

यंदा दिवाळीला त्या घरात माळा काढायचा नाही असं ठरलं आहे. वर लग्नातली आहेराची स्टीलची भांडी, जुने कूलर पॅड आणि आप्पांच्या नोकरीतल्या फायली आहेत. तो फेब्रुवारीत काढायचा, ऊन चढण्याच्या आधी आणि शाळेच्या परीक्षांच्याही आधी, एका शनिवारी, चौघांनी मिळून. भंगारवाल्याला आत्तापासून सांगून ठेवलं आहे. दिवाळीला अंगण, दार, स्वयंपाकघर आणि देवघर. फराळातल्या चकल्या विकत आणायच्या, आणि कामाच्या ताईंना भाऊबीजेचे दोन दिवस पगारी सुट्टी.